गुडघ्याचे वतन

शिवथरच्या खोऱ्यात गुडघेदुखीची फिर्याद नेहमी चालण्यावर दाखल होते. वाटेत भेटलेल्या कोणत्याही वृद्धास विचारावे, तो हात उंचावून समोरचा डोंगर दाखवितो आणि ‘जन्मभर हे चढलो-उतरलो, झिजले गुडघे’ एवढा एकच पुरावा पुढे ठेवतो. ज्या मुलखात दारातून बाहेर पडणाऱ्याचे पहिले पाऊल एक तर चढावर पडते नाही तर उतारावर, जेथे कसबे शिवथरपासून वर घाटमाथ्यापर्यंत गोप्या घाटासारख्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या पायांनीच उघड्या ठेवल्या, जेथे पुरुष मुंबईला गेल्यावर गवताचा आणि लाकडाचा भारा मागे राहिलेल्या बायकांच्या डोक्यावर आला, तेथे हा पुरावा ऐकणाऱ्यास निर्णायक वाटावा यात नवल नाही. मलाही तो कैक वर्षे निर्णायकच वाटत आला. आज तो तसा वाटत नाही. आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठी वाचकांस शिवथरघळीच्या पायऱ्यांवरून फिनलंडमधील उंदरांच्या एका पिंजऱ्यापर्यंत यावे लागणार आहे.

गेल्या मार्गशीर्षात घळीचे दर्शन घेऊन मी उतरत होतो. समर्थ रामदासांनी याच घळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ही जागा शोधून काढल्यापासून येथे येणाऱ्यांची रीघ कधी थांबलेली नाही. माझ्यापुढे खोऱ्यातीलच एक आजी उतरत होत्या. त्यांचे उतरणे मी निरखून पाहिले. अंग किंचित आडवे, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा डाव्या गुडघ्याच्या वाटीवर घट्ट दाबलेला. आधी डावे पाऊल खाली जाई, मग उजवे त्याच पायरीवर येऊन टेके, मग क्षणभर विसावा, आणि पुन्हा डावे. चालावयास नुकत्याच शिकलेल्या मुलासारखी एकेक पायरी त्या स्वतंत्रपणे जिंकीत होत्या. मी हात पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘चढाचं काय नाय गुरुजी, उतार जीव घेतो.’’

या वाक्यात शास्त्र आहे. कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यातच भारमापक यंत्र बसवून बर्लिन येथील संशोधकांनी जी मोजमापे घेतली, त्यांत सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा अधिक, पायऱ्या चढताना तीन पटींहून अधिक आणि पायऱ्या उतरताना साडेतीन पटींच्या आसपास भार पडतो, असे दिसून आले. पण आजींनी पुढे जे सांगितले, ते मला अधिक विचारात पाडणारे होते. त्यांची सख्खी बहीण पोलादपूरच्या बाजूस दिलेली. तीही असेच डोंगर चढली, असेच किंबहुना अधिक जड भारे तिने वाहिले, आणि आज सत्तरी ओलांडल्यावरही ती लावणीच्या चिखलात वाकून दिवस काढते. ‘‘आमच्या आयेचं मात्र माझ्या लग्नाआधीच बसलं होतं,’’ असे म्हणून त्यांनी पुन्हा गुडघ्यावर हात ठेवला. डोंगर तोच, भारा तोच, आई तीच. एका मुलीचे गुडघे आईच्या वाटेने गेले, दुसरीचे गेले नाहीत. फिर्याद केवळ डोंगरावर असती, तर दोघींचा निकाल एकच लागावयास हवा होता.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांस भेटतात, तेथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढुरकी, निळसर झाक असलेली कूर्चा असते. माणसाच्या गुडघ्यात तिची जाडी साधारणपणे दोन ते चार मिलिमीटर भरते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. पाऊल टेकले की ती दाबली जाऊन तिच्यातील द्रव बाहेर येतो, पाऊल उचलले की संधिद्रव पुन्हा आत शोषला जातो, आणि या ये-जा करण्यावरच तिच्या पेशींचे पोषण चालते. तेव्हा हालचाल हे कूर्चेचे केवळ काम नव्हे, तिचा आहारच त्या हालचालीतून येतो. आयुर्वेदाने सांध्यांना वंगण देणाऱ्या श्लेषक कफाची कल्पना केली, तीही या निरीक्षणापासून फार दूर नाही. कूर्चेचा बराचसा भाग पाणीच असतो. हे पाणी धरून ठेवणारी द्रव्ये आणि त्या सर्वांस बांधून ठेवणारे तंतूंचे जाळे, एवढ्यावर तिचे सामर्थ्य उभे आहे. हे तंतू मुख्यत्वे ज्या प्रथिनाचे असतात त्यास दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन म्हणतात, आणि त्याची घडण तिपेडी दोरासारखी असते: तीन पेड एकमेकांभोवती वळले जाऊन एक दोर होतो. हा पेड कसा घडवावयाचा याचा हुकूम एका जनुकात लिहिलेला असतो. त्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आमच्या जावळीच्या मुलखातील जुन्या शब्दांत सांगावयाचे, तर हे गुडघ्याचे वतन आहे आणि त्याच्या दोन सनदा आहेत.

फिनलंडमधील क्वोपिओ विद्यापीठाच्या शरीरशास्त्रज्ञांनी या दोन सनदांचीच परीक्षा उंदरांत घेतली. विशिष्ट जनुक हवे तसे बंद केलेले किंवा बदललेले उंदीर तयार करण्याची विद्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हाती आली, आणि त्यातील जनुक नेमके बंद करण्याच्या पद्धतीसाठी कापेक्की, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही दूरदेशीची नवलाई समजू नये. याच रायगड जिल्ह्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत कर्करोगाच्या संशोधनासाठी जनुकबदल केलेल्या उंदरांवर काम होते. फिनलंडच्या संशोधकांचा प्रश्न मात्र कर्करोगाचा नव्हता. तो आमच्या आजींचा प्रश्न होता: जन्मभर धावले, तर सांध्याच्या कूर्चेचे काय होते?

त्यांनी उंदरांच्या पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले. उंदरास कोणी हाकलले नाही. तो आपल्या इच्छेने चाकावर चढतो आणि एका रात्रीत काही किलोमीटर धावतो. पिंजऱ्यात कोंडल्यामुळे तो असे करीत असावा ही शंका रास्त आहे. पण नेदरलंड्समधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात मोकळ्या रानात ठेवलेल्या चाकावरही रानउंदीर आपण होऊन येऊन धावून गेले. धावणे उंदराच्या स्वभावातच आहे. अशा रीतीने काही उंदरांना जवळजवळ आयुष्यभर चाक मिळाले, काहींना मिळाले नाही, आणि अखेरीस त्यांच्या गुडघ्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्या मुक्या जिवांचा प्राण या तपासणीसाठी घेतला गेला हे मी विसरत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडून आलेले ज्ञान एखाद्या नियतकालिकाच्या पानांत पडून राहावे हे मला सहन होत नाही.

पहिल्या जातीच्या उंदरांत कोलॅजनच्या जनुकाची एक प्रत पूर्णपणे बंद केलेली होती. एक सनद जप्त झाली, दुसरी खरी आणि शाबूत राहिली. अशा उंदराजवळ तिपेडी दोर कमी तयार होतात, परंतु जे तयार होतात त्यांचे तिन्ही पेड निर्दोष असतात. या उंदरांच्या गुडघ्यांत, निरोगी उंदरांच्या तुलनेने, झिजेचा संधिविकार अधिक आढळला, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित ते पुढेच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांना आयुष्यभर धावावयास चाक मिळाले होते, त्यांच्यात हा विकार कमी आढळला. ज्याचे वतन अर्धे, त्याचे धावल्याने नुकसान झाले नाही, उलट त्यास लाभ झाला.

दुसऱ्या जातीच्या उंदरांत सनद जप्त झाली नव्हती. तिच्यात खाडाखोड केलेली होती. त्यांच्या शरीरात कोलॅजनचे असे एक जनुक घातलेले होते की ज्याच्या हुकुमाने घडणाऱ्या पेडातून पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा गळून गेलेला असे. हा आखूड पेड चांगल्या पेडांत जाऊन मिसळतो, आणि अनर्थ येथेच होतो. समजा, तयार होणाऱ्या पेडांपैकी निम्मे सदोष आहेत. तर तीन-तीन पेड घेऊन वळलेल्या आठ दोरांपैकी साधारण एकाच दोराचे तिन्ही पेड चांगले निघतील आणि उरलेल्या सातांत एक तरी सदोष पेड असेल. निम्म्या दोषाने सात अष्टमांश दोर बिघडतात. पावसाळ्यापूर्वी गवताचे भारे बांधण्यासाठी ज्यांनी हाताने दोर वळला आहे, त्यांना हे गणित शिकवावे लागणार नाही: चांगला काथ्या थोडा मिळाला तर दोर आखूड होतो, पण विश्वासाचा असतो, कुजका काथ्या चांगल्यात वळला गेला, तर दोर दिसावयास पुरेसा, आणि भर वाटेत भारा सोडणारा. या दुसऱ्या जातीच्या उंदरांविषयीचे निष्कर्ष त्याच विद्यापीठातून २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आयुष्यभर धावण्याने संधिविकार वाढला. आणि जनुक न बदललेल्या उंदरांतही तो वाढला, परंतु किंचितच.

हे दोन निष्कर्ष मी जेव्हा शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तेव्हा गुडघ्याविषयी आजवर ऐकलेले सर्व सरसकट उपदेश मला अपुरे वाटू लागले. धावण्याची क्रिया एकच, सांधा एकच, दोष एकाच जनुकाचा; तरीही एकास चाक तारते आणि दुसऱ्यास मारते, कारण एकाच्या ठायी उणीव आहे आणि दुसऱ्याच्या ठायी विकृती. मग ज्या माणसाच्या गुडघ्याचे वतन कोणत्या प्रकारचे आहे याची कोणी कधी चौकशीच केली नाही, त्यास ‘चालू नका’ असे बजावणारा वैद्य आणि ‘रोज दहा हजार पावले चाला’ असे बजावणारे शहरी मासिक, हे दोघेही तपासाआधीच निकाल देत आहेत.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे उघड आहे. त्याचे वजन वीस-तीस ग्रॅम, त्याची कूर्चा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीही जाड नसते, तो चार पायांवर चालतो आणि डोक्यावर भारा घेत नाही. परंतु या दोन्ही जातींचे दोष माणसांतही आढळतात, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. गुन्नार स्टिक्लर या वैद्याने १९६५ साली वर्णन केलेल्या व त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात बहुतेकदा याच जनुकाची एक प्रत निकामी झालेली असते. अशा माणसांत दृष्टिदोषाबरोबर सांध्यांची झीज फार लौकर येते. सदोष पेड घडविणाऱ्या जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात सांधे गमावणारी कुटुंबेही वैद्यकीय वाङ्‌मयात नमूद आहेत.

आणि आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण अंगास, शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात, हंडिगोडु नावाचे गाव आहे. १९७५ च्या सुमारास तेथील शेतमजुरांच्या कुटुंबांत कंबर, मांडीचे सांधे आणि गुडघे लहान वयातच निकामी होत असल्याचे लक्षात आले. प्रथम संशय शेतावर गेला: भातखाचरांतील कीटकनाशकांवर, त्या खाचरांतले खेकडे खाण्यावर. अखेर घरोघर जाऊन वंशावळी मांडल्या गेल्या, तेव्हा विकार आनुवंशिक आहे आणि आईबापांपैकी एकाकडून आलेली एकच सदोष प्रत त्यास पुरेशी आहे असे दिसून आले. फिर्याद वर्षानुवर्षे शेतावर होती. दप्तर उघडल्यावर ती घराच्या उंबरठ्याआत निघाली. आमच्या खोऱ्यात हंडिगोडुसारखा विकार आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. ते दप्तर उघडण्याची जी रीत तेथे अखेर पाळली गेली, ती येथे आरंभीच पाळावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

येथे कोणी म्हणेल की मग सगळे दैवाधीनच झाले. तसे झालेले नाही; पहिल्या जातीच्या उंदरांनी हेच तर सिद्ध केले. लंडन येथे जुळ्या बहिणींवर झालेल्या १९९६ च्या अभ्यासात हात व गुडघे यांच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के असल्याचे अनुमान निघाले. तो वाटा मोठा आहे, पण तो एका जनुकाचा नसून पुष्कळ लहानलहान जनुकांचा मिळून आहे, आणि राहिलेला वाटा वजनाचा, जुन्या दुखापतीचा आणि कामाच्या रीतीचा आहे. बहुसंख्य माणसांची कूर्चा निकोप असते आणि तिला हालचाल मानवते. क्वोपिओच्याच संशोधकांनी तरुण बीगल कुत्र्यांना पंधरा आठवडे दिवसाला चार किलोमीटर, तेही पंधरा अंशांच्या चढावर, धावविले, तेव्हा त्यांच्या गुडघ्याची कूर्चा अधिक जाड झाली आणि तिच्यातील पाणी धरून ठेवणारी द्रव्ये वाढली. हेच अंतर वाढवीत दिवसाला चाळीस किलोमीटरपर्यंत नेले, तेव्हा ती द्रव्ये कमी झाली. आणि ज्यांचा पाय अकरा आठवडे बांधून निश्चल ठेवला, त्यांची कूर्चा मऊ पडली. पंधरा अंशांचा चढ म्हणजे आमच्या खोऱ्यातील एखादी मध्यम पाऊलवाट. माणसांविषयी २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांतही खुबा व गुडघा यांची झीज हौसेने धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली.

तेव्हा आमच्या बायकांच्या गुडघ्यांवर जे ओढवते, त्याचा दोष मी चालण्यावर टाकणार नाही. तो डोक्यावरच्या भाऱ्यासह उतरण्यावर टाकीन, आणि उकिडवे बसून तासन्‌तास करावयाच्या कामावर टाकीन. गुडघे वाकवून करावयाच्या श्रमाच्या कामाचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात, आणि उकिडवे बसण्याचा चीनमधील बीजिंगच्या अभ्यासात दिसून आला आहे. ज्या वाटेवर हातगाडी चालू शकेल ती वाट नीट बांधून देणे हा माझ्या मते गुडघ्याचाच औषधोपचार आहे. निरगुडीचा शेक घ्यावा, त्याने दुखणे हलके होते. वाट मात्र ग्रामपंचायतीने बांधावी.

मुलांविषयी तर मला अधिकच आस्था वाटते. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुस्फोटांनी हवेत सोडलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की माणसाच्या कूर्चेतील कोलॅजन वाढीच्या वयात एकदा विणले गेले की त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. विशीपर्यंत जे जाळे विणले जाईल, त्यावरच पुढची पन्नास-साठ वर्षे काढावयाची. म्हणून टेकडीपलीकडच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलीस जीपमध्ये बसविण्याची घाई करू नये. आणि त्याच मुलीच्या डोक्यावर शाळेतून परत आल्यावर लाकडाची मोळी चढवू नये.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस माझी एक विनंती आहे, आणि तिला पैसा लागत नाही. गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरवर एक प्रश्न लिहून घ्यावा: आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी कोणाचे गुडघे किंवा खुबे चाळिशीच्या आत गेले का? उत्तर नकारार्थी असेल, तर त्यास निर्भयपणे चालावयास सांगावे, मांडीचे स्नायू बळकट करावयास सांगावे, आणि भारा कमी करावयास सांगावे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याच घरातील मुलांची नावे लिहून घ्यावीत, त्यांची उंची आणि दृष्टी तपासावी, गरज वाटल्यास मुंबईच्या रुग्णालयात अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि तोवर त्यांना धावण्याच्या शर्यतीत उतरविण्याचा वा घरात बसवून ठेवण्याचा हुकूम कोणीही देऊ नये. आशाताई दर घरात जातात, प्रत्येक घराची माणसे त्यांना नावानिशी ठाऊक असतात. हे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. त्या आजींना मी केसपेपरवर काय लिहिले आहे असे विचारले होते. पिशवीतून त्यांनी तो काढून दाखविला. त्यावर गोळ्यांची नावे होती, आणि आईच्या गुडघ्यांविषयी त्यांना कोणी विचारलेच नव्हते.